वाणात लुटलेले एल्म

कुंदाला या सगळ्यात काय मिळायचं होतं ते आधी मांडलेलं बरं. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं उगाच उपद्व्याप केले. मिळायची होती अर्धी नोकरी. एर्लांगेनच्या वनस्पतीशास्त्र संस्थेत, आठवड्यातून अडीच दिवस, रोपांची देखभाल आणि त्यांच्या नोंदी. नोकरी अर्धी असली तरी तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टी अख्ख्या होत्या. अंगावर पांढरा कोट, दारावर नावाची पाटी, दुपारी कँटीनच्या वाटेवर ओळखीचं हसणारी चार माणसं. शिवाय मराठी मंडळाच्या जेवणात कुणी 'तुम्ही काय करता?' म्हटलं की 'मैथिली अजून लहान आहे ना' हे जे उत्तराच्या जागी कारण द्यावं लागे, त्यातून कायमची सुटका. मैथिली आठ वर्षांची झाली होती. ते कारण आता तिच्या फ्रॉकसारखंच आखूड व्हायला लागलं होतं.

कुंदा पुण्याची एम. एस्सी. बॉटनी. पीएच.डी. अर्ध्यावर असताना लग्न झालं आणि नवरा, उल्हास, स्कॅनरची चुंबकं बनवायला जर्मनीत आला. चुंबकानं ओढावं तशी तीही आली. आली ती राहिलीच. दर शुक्रवारी सकाळी ती संस्थेत जाऊन वाळलेल्या फांद्या जाड कागदावर चिकटवून द्यायची, फुकट. प्रोफेसर फ्राउ हेर्टलाइन तिच्या हातावर खूश होत्या. पुढच्या उन्हाळ्यात एक अर्धी जागा निघेल, तेव्हा तुमचा विचार करू, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. जर्मन माणूस विचार करू म्हणतो तेव्हा विचारच करतो, हे कुंदाला माहीत होतं. तरी मनातल्या मनात तिनं कोट खुंटीला अडकवून टाकला होता.

तो विचार पक्का व्हावा असं एक काम तिच्या हातून झालंही होतं. नदीकाठच्या सायकलच्या वाटेवर बाकावर बसली असताना, २००५ च्या मे महिन्यात, तिच्या मांडीवर कागदासारखी पातळ, गोल, मधोमध बी असलेली पापडी उडून पडली. कुंदानं ती सोलून तोंडात टाकली. विचार केला नाही; हातच गेला. लहानपणी शाळेच्या आवारातल्या वावळ्याखाली अशाच पापड्या पडत आणि अशाच खाल्ल्या जात. खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की इथे वावळा कुठला. वर पाहिलं तर जुना, उंच, गाठाळ बुंध्याचा एल्म. वावळ्याचाच जर्मन चुलतभाऊ. फ्राउ हेर्टलाइन येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या की ही खरी इथली फेल्डउल्मे, देशी एल्म, एवढी जुनी आता आसपास उरलेली नाही. कुणी शोधली, असं त्यांनी विचारलं तेव्हा कुंदानं मान किंचित खाली घातली. किंचितच.

एल्मचं बी थांबत नाही, चार दिवसांत मरतं. म्हणून पापडी सापडली त्याच दिवशी तिनं ओंजळभर बी वेचून संध्याकाळी पेरलं. कुंड्या नव्हत्या. क्वार्क नावाचं जे घट्ट दही इथे मिळतं, ज्याचं श्रीखंड करून इथल्या मराठी घरांचे सगळे सण निभतात, त्याचे रिकामे डबे बाल्कनीत रचलेले होते. त्यांना भोकं पाडली. डझनभर रोपं उगवली. ऑगस्टमध्ये मोठ्या झाडाचा शेंडा पिवळा पडला. भुंगेऱ्यांनी आणलेली बुरशी. एल्मला ती झाली की तो जातो. नगरपालिकेची माणसं आली, झाड पाडलं, रोग पसरू नये म्हणून सालीसकट जाळलं. आता त्या झाडाचं या जगात जे काय होतं, ते कुंदाच्या बाल्कनीत, श्रीखंडाच्या डब्यांत होतं.

हिशेब इथवर कुंदाच्या बाजूनं होता. ऑक्टोबरात इरा आली.

इरा मुंबईची, सव्वीस वर्षांची, आणि तिचा पीएच.डी.चा विषयच एल्म. बाहेरून आणून लावलेला सायबेरियन एल्म देशी एल्मशी आपोआप संकर करतो का, हे तिला शोधायचं होतं. असला संकर होत असेल तर शुद्ध देशी झाड एक दिवस राहणारच नाही, म्हणून प्रश्न महत्त्वाचा. पण कुंदाला आधी दिसलं ते वेगळंच. फ्राउ हेर्टलाइन बोलत असताना ही पोरगी मध्येच 'या, या, गेनाऊ', म्हणजे हो हो, अगदी बरोबर, म्हणायची, आणि प्रोफेसरबाईंना राग येण्याऐवजी मजा वाटायची. कुंदाचं जर्मन चुकत नसे, पण ते इस्त्री केलेलं असे. इराचं चुरगळलेलं आणि चालतं. आणि पहिल्याच भेटीत, हात पुढे करून, इरा तिला म्हणाली,

"काकू, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय."

काकू! कुंदा तेव्हा छत्तीसची होती.

पुढचं सगळं त्या एका शब्दावर रचलं गेलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. इतरही विटा होत्या. इरा रविवारी मंडळाच्या पोरांना मराठी शिकवायला लागली. मैथिली बोलायला लागल्यापासून आईच्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देत आली होती. ती एका संध्याकाळी इराला म्हणाली, 'इराताई, मला अजून एक गोष्ट सांग.' स्वच्छ मराठीत, 'अजून'सकट. कुंदा स्वयंपाकघरात पोळी लाटत होती, ती पोळी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. रात्री जेवताना उल्हासनं भर घातली.

"काय चलाख मुलगी आहे नाही?"

"कोण, मैथिली?"

"नाही गं, इरा."

"अहो, मग तिलाच सांगा पोळ्या लाटायला," कुंदा म्हणाली, आणि त्याच्या ताटातली वाटी उगाच सरकवून परत जागेवर ठेवली.

नोव्हेंबरात इरा घरी आली ती कामासाठी. नदीकाठच्या म्हाताऱ्या एल्मचं बी तुम्ही लावलं होतं असं प्रोफेसर म्हणाल्या, ती रोपं मला पाहायला मिळतील का, असं विचारत होती. आणखी पण काही सांगायला तिनं तोंड उघडलं होतं, 'आणि काकू, मी अर्जात असं...' इतकं वाक्य झालंही होतं. कुंदानं ते पुरं होऊ दिलं नाही. रोपं थंडीनं गेली, ती म्हणाली. एल्म थंडीला भीत नाही हे इराला माहीत असणार, हे तिला माहीत होतं. म्हणून पुढचं वाक्यही तयार होतं. जमिनीतला तगतो, डब्यातल्या मुळांना ऊब कुठली. पहिल्याच कडक हिवानं मुळं गोठली. बॉटनीत पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईनं रचलेलं खोटं होतं ते, त्याला कुठे फट नव्हती. इरानं 'अच्छा' म्हटलं, चहा संपवला, बशी धुऊन ठेवली आणि गेली. बशी धुतली याचाही कुंदाला राग आला.

रोपं पडद्यामागे, बाल्कनीत, हारीनं उभी होती.

आता ती ठेवायची कुठे? फेकायला हात होईना, आणि इरा मैथिलीला भेटायला केव्हाही टपकायची. उपाय संक्रांतीनं आणला. कुंदाचं हळदीकुंकू एर्लांगेनमध्ये नावाजलेलं. दर वर्षी ती वाण म्हणून काहीतरी हटके लुटायची. कधी चहाची गाळणी, कधी जर्मन सुरी. यंदा तिनं बायकांना झाडं लुटली. इराला बोलावलं नाही. कुणी विचारलंच तर कारण तयार होतं, हळदीकुंकू सवाष्णींचं, ती बिचारी अजून कुमारिका. एरवी कुंदाला असल्या भेदभावाची चीड होती आणि मंडळात तिनं त्यावर एकदा भाषणही केलं होतं. त्या जानेवारीत ते भाषण तिला आठवलं नाही.

जानेवारीत एल्मला पान नसतं. बायकांच्या ओटीत गहू, तिळगूळ आणि क्वार्कच्या डब्यात उभी केलेली एकेक काळपट काडी पडली. मीनलनं, म्हणजे पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या कुंदाच्या मैत्रिणीनं, ती काडी दिव्यासमोर धरून पाहिली.

"कुंदाताई, हे वाण की सरपण?"

"वावळा आहे तो. आपल्याकडचा. पानं आली की कळेल."

"आपल्याकडचा? मग याला इथला व्हिसा कसा मिळाला?"

सगळ्या हसल्या. साधनावहिनींना माहेरच्या अंगणातला वावळा आठवून डोळ्यांत पाणी आलं, सुलेखानं डबा शालीत गुंडाळून बसमधून नेला. कुंदा दारात उभी राहून प्रत्येकीला पाणी किती घालायचं ते सांगत होती. संध्याकाळी बाल्कनी रिकामी झाली. मनही तसंच मोकळं झालं असं तिला वाटलं. वाटलं, असं म्हणूया.

वसंतात काड्यांना पानं फुटली. जूनमध्ये मीनलच्या मुलाचा, आरवचा, वाढदिवस आला. फुटबॉलचा वर्ल्डकप जर्मनीतच होता, घराघराच्या बाल्कनीवर काळे-लाल-सोनेरी झेंडे. मीनलच्या बाल्कनीतला झेंडा आरवनं एल्मच्या कुंडीत खोचला होता. मीनलनं डबा काढून चांगली मातीची कुंडी आणली होती, रोप कमरेएवढं झालं होतं. केक कापून झाल्यावर इरा हवेसाठी म्हणून बाल्कनीत गेली. कुंदा तिच्या मागे गेली नाही. फक्त दरवाजाशी उभी राहिली.

"हा आमचा वावळा," मीनल इराला कौतुकानं सांगत होती. "कुंदाताईंनी वाण दिलं. सगळ्यांकडे आहे."

इरानं एक पान उलटं केलं. देशी एल्मच्या पानाचं बूड तिरकं असतं, देठाची एक बाजू खाली उतरलेली, दुसरी वर. सायबेरियनचं जवळजवळ सारखं. या पानाचं बूड ना धड तिरकं ना धड सरळ. कुंदालाही ते दरवाजातून दिसलं. ती धसकली, आणि ते खोटं उघडं पडलं म्हणून नव्हे. नदीपलीकडच्या पार्किंगभोवती कुणीतरी कधीतरी वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली सायबेरियन एल्मची रांग तिला आठवली. त्यांचा पराग वाऱ्यानं नदी ओलांडून आला होता. तिच्या शुद्ध देशी झाडानं बाहेरून आलेल्यांशी गुपचूप संसार थाटला होता, आणि कुंदाला, जिनं त्याचं बी खाल्लं, पेरलं, त्याची पोरं वाढवली, तिला पत्ता नव्हता.

"छान वाढलंय," इरा म्हणाली. तिनं कुंदाकडे पाहिलं.

आणि ती कामाला लागली. महिनाभरात ती साधनावहिनींकडे गेली, सुलेखाकडे गेली, सगळ्यांकडे गेली आणि प्रत्येक रोपाचं एकेक पान घेऊन आली. बायकांनी पान हसत दिलं. अख्खं झाड मात्र संस्थेला द्यायला एकीनंही होकार दिला नाही. वाण कुणी परत देतं का? साधनावहिनींनी तर कुंडीवर हात ठेवूनच नकार सांगितला. पानांची तपासणी झाली, आईबाप कळले: अर्धं देशी, अर्धं सायबेरियन, सगळ्यांचं. इराला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, एक सोडून. ही रोपं जंगली झाडाच्या बीपासून आली असतील तर शोध. नर्सरीत तयार केलेली असतील तर त्याला काही किंमत नाही. आणि ते सांगू शकणारं माणूस एकच.

शुक्रवारी ती कुंदाच्या टेबलाशी येऊन बसली. कुंदा एका वाळलेल्या फांदीला डिंक लावत होती.

"काकू, त्या रोपांची आई कुठली?"

"नर्सरीतून आणली मी. वाणासाठी."

"नक्की?"

"पावती ठेवली नाही," कुंदा म्हणाली आणि डिंक फार लागला म्हणून बोटानं पुसू लागली.

इरा उठली. प्रोफेसरबाईंना जाऊन चुगली करणं तिला सोपं होतं. ती गेली नाही; कुंदानं सांगितलं तेच, नर्सरीचं, तिनं नोंदीत उतरवलं. कुंदाला यातही तिची चलाखीच दिसली, आपण चांगल्या दिसावं म्हणून गप्प बसली असणार. हेवा करणाऱ्या माणसाला समोरच्याचा चांगुलपणासुद्धा आपल्यावरचा अन्याय वाटतो, आणि कुंदा त्या बाबतीत काही जगावेगळी नव्हती.

जुलैत फ्राउ हेर्टलाइननी दोघींना खोलीत बोलावलं. अर्ध्या नोकरीचा निर्णय होता, आणि कुंदाला चेहरा वाचता येत होता: नोकरी तिचीच. फक्त गप्प बसायचं होतं. बाईंनी आधी एल्मचा विषय निकालात काढला. रोपं नर्सरीची दिसतात, वाईट वाटतं, पण मूळ ठाऊक नसलेल्या झाडावर शास्त्र उभं राहत नाही. नमुने काढून टाकू. इरा खिडकीबाहेर पाहत होती. तिची आल्यापासूनची सगळी मेहनत त्या नमुन्यांबरोबर जाणार होती. तिच्या कानशिलाजवळची शीर उडताना कुंदाला दिसली आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मग बाईंनी नमुन्यांचा ट्रे पुढे ओढला. पानांची छोटी पाकिटं, प्रत्येकावर चिठ्ठी. नमुना ज्यानं गोळा केला त्याच्या नावानं ओळखायचा, ही तिथली रीत. इरा एक, इरा दोन, इरा तीन. ट्रेच्या शेवटापर्यंत इरा.

"आम्ही सगळे यांना 'इराचे एल्म'च म्हणायला लागलो होतो," फ्राउ हेर्टलाइन हसून म्हणाल्या.

तिथे कुंदाचं सगळं गणित फिसकटलं. रोपं मेली तरी चालली असती, नर्सरीची ठरली तरी चाललं असतं, कचऱ्यात गेली असती तरी तिनं घरी जाऊन रीतसर चहा केला असता. पण कचऱ्यातसुद्धा ती इराच्या नावानं जाणार होती.

"ती माझी आहेत," ती म्हणाली. इस्त्री केलेल्या जर्मनमधून नव्हे. आधी मराठीतच म्हणाली, आणि मग जर्मनमध्ये, चुका करत, घाईघाईनं. नदीकाठच्या फेल्डउल्मेचं बी, झाड पाडलं त्या आधीच्या मे मधलं, मी स्वतः वेचलं, त्याच दिवशी पेरलं. मेली नव्हती. मेली असं मी खोटं सांगितलं. नर्सरीचंही खोटं.

फ्राउ हेर्टलाइननी चष्मा काढला, तो पुसला, परत घातला आणि हे सगळं लिहून सही करून द्याल का एवढं विचारलं. कुंदानं तिथेच लिहून सही केली. सही फार सुंदर आली. एका सहीनं झाडांना आई मिळाली आणि इराला तिचा शोध.

मग प्रोफेसरबाईंनी हळूच, वाईट वाटून, दुसरी गोष्ट सांगितली. ही अर्धी जागा पैशांवाचून कागदावरच अडली होती, तिच्यासाठी पैसे मागितले ते इरानं, नोव्हेंबरातल्या अर्जात. ही रोपं ज्या बाईंनी वाढवली त्यांनाच ती मिळावी, असं तिनं नाव घालून लिहिलं होतं. रोपं मेल्याचं कळल्यावरही तिनं ते नाव काढू दिलं नव्हतं. "पण जिवंत रोपाला मेलं म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या हातात मी नोंदी कशा देऊ, फ्राउ कुंदा?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

बाहेर जिन्यात इरानं तिला गाठलं.

"काकू, तुम्ही बोलला नसतात तर नोकरी तुमची होती."

"माहीत आहे."

"मग का बोललात?"

"काकू म्हणू नकोस मला," कुंदा म्हणाली. "दहा वर्षांनी मोठी आहे मी तुझ्याहून. ताई म्हण."

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते बघू. सायबेरियन एल्मना न मागता डझनभर पोरं मिळाली, आणि ते अजून पार्किंगभोवती निवांत उभे आहेत, त्यांनी काही भरलं नाही. इराला शोध मिळाला. तिच्या शोधनिबंधात बी गोळा करणारी म्हणून कुंदाचं नाव आहे, छोट्या अक्षरांत. पाकिटांवरच्या चिठ्ठ्याही तिनं बदलल्या, कुंदा एक, कुंदा दोन. बायका वाण सोडेनात, म्हणून रोपं घरोघरच्या बाल्कनीत राहिली. त्यांची देखभाल करायला घरोघर फिरणारं माणूस हवं झालं. उन्हाळ्यात सगळे भारतात जातात तेव्हा निम्म्या मराठी घरांच्या किल्ल्या मीनलकडे असतात, शिवाय ती बी. फार्म. आहे; अर्धी नोकरी तिला मिळाली. पांढरा कोट तिला जरा मोठा होतो. कुंदाच्या मापाचा असावा.

पुढच्या संक्रांतीला कुंदानं इराला बोलावलं, कुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलची डबी दिली. मैथिलीनं तिळगूळ वाटताना इराला 'गोड बोला' म्हटलं, मराठीत. आईकडे वळून 'इस गूट, मामा' म्हणाली, म्हणजे छान झालंय, आणि पळाली. मीनल नव्या नोकरीची गंमत सांगत होती, कँटीनमध्ये तिला सगळे कसे ओळखतात वगैरे. सगळ्या हसत होत्या, कुंदाही. इरावरचा राग तिच्याजवळ आता फारसा उरलेला नव्हता. त्याला दुसरी जागा सापडली होती, पलीकडच्या गल्लीत. ज्यांना मिळायचं त्यांना मिळालं होतं, आणि सगळ्यांचं मिळून जे भरायचं होतं ते एकट्या कुंदानं भरलं होतं, आपल्या हातानं, सुंदर सही करून.